धुऱ्यालगतचा अर्धा एकर

संगीताचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या घरी सकाळचा पेपर उघडून बसलो होतो. “काका, आई गेली,” एवढंच ती म्हणाली. संगीता माझ्या थोरल्या भावाची मुलगी, केळापूरला दिलेली. तिची आई म्हणजे माझी कांतावहिनी. दोन दिवसांपूर्वी अंगणात चहा पिताना तिच्या हातातून कप सुटला, उजवा हात उचलेना, तेव्हापासून ती दवाखान्यात होती. बातमी अनपेक्षित नव्हती. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की धुऱ्यालगतच्या, म्हणजे बांधाजवळच्या, अर्ध्या एकरातला कापूस आता फुटेल आणि वेचायला वहिनी नसेल. अशा वेळी कापूस आठवावा, याची तेव्हा लाज वाटली. आता दोन महिन्यांनी वाटत नाही.

राळेगाव तालुक्यात आमचं सात एकर वावर आहे. दादा लवकर गेला. मी शहरात मास्तर, भूगोल शिकवायचो. वावर दोघांच्या नावावर असलं तरी कसलं ते वहिनीनंच. माझ्या वाट्यातला चढाचा अर्ध्या एकराचा तुकडा धुऱ्याला लागून होता. वर हातभर काळी माती, खाली मुरूम. नऊ वर्षांपूर्वी गावाजवळून रस्ता निघाला आणि ठेकेदाराला मुरूम हवा होता. तो माझ्या घरी आला. काळी माती बाजूला काढून ठेवू, मुरूम नेऊ, माती पुन्हा पसरून जमीन सपाट करून देऊ, असं त्याचं म्हणणं. वहिनी तेव्हा संगीताच्या बाळंतपणासाठी केळापूरला होती. तिला विचारावं असं मला वाटलं नाही. वाटलं होतं, खरं तर... पण ती नाही म्हणेल हे ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही. मी सही केली.

वहिनी परत आली तेव्हा तिथं खड्डा होता. बाजूला काढलेली काळी माती निम्मी रस्त्याच्या भरावात गेली होती, उरलेली गोट्यांत कालवली गेली होती. मी मुद्दाम गावी गेलो होतो. ती धुऱ्यावर उभी होती. मी म्हणालो, “वहिनी, तो सपाट करून देणार आहे.”

“सपाट त सडकबी राह्यते, भाऊजी,” ती म्हणाली. “तिच्यावर पेरता येते काय?”

यापलीकडे ती त्या विषयावर मला कधी बोलली नाही. वर्गात मी दरवर्षी सांगायचो की बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. पाठ होतं ते मला.

ठेकेदार जमीन ओबडधोबड सपाट करून निघून गेला. पहिला उन्हाळा वहिनीनं गोटे वेचण्यात घालवला. ते बाहेर फेकले नाहीत, उताराला आडवे रचून त्यांची हातभर रुंद ओळ घातली, म्हणजे पाणी वाहून जाताना थांबेल आणि माती तिथं टाकून जाईल. पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी बोरू पेरला. तो छातीइतका वाढला, फुलावर आला, आणि तिनं बैल घालून सगळा मातीत गाडला. शेजारच्या वावरातला माणूस मला एसटी स्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, “तुमच्या वैनीले झालं तरी काय, मास्तर? पेरलेलं गाडून राह्यली ते.” पुढल्या वर्षी तिनं लेंडीखतासाठी धनगरांची मेंढरं त्या तुकड्यात आठ दिवस बसवली. लोक सोयाबीन काढून झालं की कुटार, म्हणजे उरलेला भुसा, धुऱ्यावर पेटवून देत. वहिनी आधीच बैलबंडी घेऊन तो न्यायला हजर. कापसाच्या वाळक्या काड्या, पराट्याही तिनं जाळू दिल्या नाहीत, बारीक तोडून तिथंच कुजवल्या.

दर उन्हाळ्यात तिचा मला निरोप यायचा, “गोटे वर आले, येचाले या.” मी जायचो. एक दिवस वाकून गोटे वेचायचे, संध्याकाळी पिठलं-भाकर खायची, परत यायचं. ती शिक्षा होती की आमंत्रण, हे मी विचारलं नाही. एकदा घाम पुसत मी म्हणालो, “अजून किती वर्षं, वहिनी?”

“मातीले कुठं घाई हाय? घाई तुमाले हाय.”

ती फार गोड बाई नव्हती. मजुरांशी भांडायची, माझ्या बायकोशी चार वर्षं अबोला धरला होता. एका मंडळानं सेंद्रिय शेतीसाठी तिचा सत्कार ठरवला, तर तिनं सांगून टाकलं, “बाकीच्या वावरात मी युरिया टाकते. मंग कायले शाल देता?” सत्कार बारगळला.

पाचव्या वर्षी मात्र तिचा स्वतःहून फोन आला. मी बँकेत रांगेत होतो. “भाऊजी, गांडुळं निघाले. दोन.”

“दोनच?”

“दोन हायेत ना...” ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिथं ज्वारी आली, मग दोन वर्षं तूर. यंदा तिनं पहिल्यांदा कापूस लावला. पोळ्याला मी गेलो तेव्हा झाडं बाकी वावराहून वीतभर बुटकी होती, पण पात्यांनी, म्हणजे कळ्यांनी, आणि फुलांनी भरलेली. “पुरी नाही भरून आली अजून,” ती म्हणाली. तिच्याशी ते माझं शेवटचं बोलणं.

गेल्या आठवड्यात पहिली वेचणी होती. संगीता आली होती, मीही गेलो. त्या तुकड्याशी पोचलो तर वेचणाऱ्या बायका धुऱ्यावर चपला काढून ओळीनं ठेवत होत्या. बाकी वावरात त्या चपला घालूनच वेचत होत्या. संगीता म्हणाली, आईनं लावलेली सवय. माती कुठं कडक आहे, कुठं भुसभुशीत झाली, ते तळव्याला कळतं म्हणायची, आणि रोज संध्याकाळी बायकांना विचारायची, कुठं टोचलं? त्या सांगतील तिथं दुसऱ्या दिवशी शेणखताची टोपली पडायची. मला यातलं काही माहीत नव्हतं.

एक बाई त्या दिवशी नवीनच आली होती. ती चपलांसकट आत शिरली, तशी मागून दुसरीनं हटकलं, “अवो, चपला काढ. या तुकड्यात नाही चालत.”

“काहून? देव हाय काय इथं?”

“देव नाही वो. मालकीनबाई पुसते मंग.”

पुसते, म्हणाली ती. विचारायची, असं नाही. कुणी तिची चूक दुरुस्त केली नाही. नवीन बाईनं चपला काढल्या. मी धुऱ्यावर बसलो आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलो.