महालक्ष्म्यांपुढची रेलगाडी

आमच्याकडं महालक्ष्म्या उभ्या बसतात. तीन दिवस माहेरपणाला येतात, जेवतात, जातात. त्यांच्यापुढं आरास मांडायची आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी ती तोंडभर कौतुक करत पाहायची, मग बाहेर पडल्यावर नावं ठेवायची, हा येडशीचा शिरस्ता. कुणी विहीर आणि मोट करायचं, कुणी आठवडी बाजार, कुणी मातीच्या बाहुल्यांचं लग्न. त्या वर्षी आमच्या आईनं जाहीर केलं की आपण रेल्वे करायची.

ते निजामाच्या राज्यातलं शेवटचं वर्ष होतं. शेवटचं आहे हे अर्थात तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आईचं माहेर बार्शीचं. बार्शीची छोटी गाडी रामलिंगाच्या डोंगरातून धापा टाकत येडशीला चढायची. सकाळची गाडी बार्शीला जायची, सांजची बार्शीहून यायची. बार्शी दुसऱ्याच्या मुलखात आहे हे आम्हाला कधी जाणवलंसुद्धा नव्हतं. इंग्रज गेले तेव्हा बार्शी हिंदुस्थानात गेली, आम्ही निजामाकडं राहिलो. मग रझाकारांची धास्ती, नाकी, झडत्या, आणि एक दिवस गाडी यायचीच थांबली. रुळांत गवत माजलं. तिकडं आईची आई दम्यानं अंथरुणाला खिळली होती. उन्हाळ्यात कुणाकडून तरी एवढा निरोप आला, त्यानंतर काहीच नाही. आईला एकदा तिचं तोंड पाहायचं होतं. दुसरं काही तिनं त्या वर्षी मागितलं नाही, देवाकडंही नाही.

वडील शाळेत मास्तर. त्यांनी विचारलं, “लक्ष्म्यांपुढं रेल्वे? त्यांना तिकीट कोण देणार?”

“तुम्ही धोतर द्या आधी, जुनं. मागं पडदा लागतो,” आई म्हणाली.

मी तेव्हा लग्नाला आलेली, म्हणजे घरच्या मते मोठी आणि माझ्या मते सगळ्यांपेक्षा शहाणी. पडद्याचं काम मी अंगावर घेतलं. धोतराला चिंचोक्याची खळ दिली, बाजेच्या चौकटीवर ताणून बांधलं आणि पांढरंशुभ्र दिसावं म्हणून वर चुन्याचा हात मारला. आईनं डोंगर उभे केले. पालथी घमेली, त्यावर तरट आणि तरटावर पांढऱ्या मातीचा लेप. टोपलीत आधीच गहू पेरून ठेवले होते, त्याचं हिरवंगार रान झालं. आरशाचा तुकडा वाळूत बसवून ओढा केला. खराट्याच्या काड्यांचे रूळ, ज्वारीच्या धाटांचे डबे. इंजिन तेवढं शेजारच्या मुसलमान खालाच्या घरून आलं. तिचा नवरा रॉकेलच्या पत्र्याच्या चिमण्या करायचा. त्या दिवसांत पुष्कळ घरांनी एकमेकांकडं जाणं सोडलं होतं. खाला मात्र पदराखाली इंजिन झाकून घेऊन आली आणि आरास लागेपर्यंत आमच्याच घरात ठाण मांडून बसली.

इंजिनाचं तोंड आईनं बार्शीकडं केलं. सकाळची गाडी. एका डब्याच्या खिडकीत तिनं चिकणमातीची बाई बसवली, मांडीवर गाठोडं. ती कोण, हे विचारायची गरज नव्हती. डोंगरामागं सकाळचं पिवळं ऊन हवं, म्हणून तिनं वाटीत हळद कालवली आणि माझ्या हातातून कुंचला ओढून घेतला. तुला नाजूक जमत नाही म्हणे.

तिनं हात फिरवला आणि आभाळ लालभडक झालं.

आम्ही दोघी बघत राहिलो. दरवर्षी चुना आणि हळद कालवून घरी कुंकू करणारी माझी आई, आणि चुन्यावर हळद फासून पिवळ्याची वाट बघत उभी! मी हसू दाबत होते. खालानं तेही कष्ट घेतले नाहीत, ती भिंतीला टेकून खदाखदा हसली. मग आईलाही हसू फुटलं. कित्येक महिन्यांत मी तिला तशी हसलेली पाहिली नव्हती. हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला आणि तो लवकर काढला नाही.

“पुसून टाकू का?” मी विचारलं.

ती पडद्याकडं बघत म्हणाली, “नको. ही सकाळ न्हाय. तिन्हीसांज हाय. म्हंजे ही गाडी बार्शीहून येती.”

तिनं इंजिन उचललं, तोंड आमच्या घराकडं फिरवलं, डबे पुन्हा जोडले. खिडकीतल्या बाईचा पदर तिनं काडीच्या टोकानं सारखा केला. ती बाई आता तिची आई झाली होती. “मला जाता येत न्हाय तर तिनं यावं,” ती म्हणाली.

“आएगी, देखो,” खाला म्हणाली.

बायका आल्या, आरास पाहिली. आभाळ इतकं लाल कसं, म्हणून एकीनं विचारलंच. आईनं सांगितलं, सांजच्या गाडीला असंच असतंय. जेवणाच्या दिवशी नैवेद्य झाल्यावर तिनं मातीच्या बाईला डब्यातून उतरवलं आणि भिंतीतल्या देवळीत बसवलं. तिसऱ्या दिवशी लक्ष्म्यांना दहीभाताची शिदोरी देऊन निरोप दिला. मी आरास आवरायला घेतली, गाडी पेटीत भरली आणि बाईकडं हात नेला.

“तिला राहू दे. ती अजून आलीच न्हाय,” आई म्हणाली.

पाठोपाठ हिंदुस्थानच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. काही दिवसांनी गाडीही सुरू झाली. आई लगेच निघणार होती, बोचकंही बांधलं होतं. पण आदल्या सांजेला मामाच दारात उभा राहिला. त्याचं डोकं पाहून आई चौकटीला धरून खाली बसली. त्याच्या डोक्यावर नुकते कुठं केस फुटत होते.

आजी श्रावणातच गेली होती. आम्ही पडदा रंगवत होतो, तिला खिडकीत बसवत होतो, तेव्हा ती नव्हतीच.

आई फार रडली नाही. आंघोळ करून आली, पेटीतून गाडी काढून जमिनीवर मांडली. देवळीतली बाई डब्यात बसवली. इंजिनाचं तोंड बार्शीकडं केलं आणि पुढं पानाच्या तुकड्यावर दहीभात ठेवला.  मला तिचा राग आला होता. इतक्या लवकर कशाला पाठवतेस, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

आईला जाऊनही आता खूप वर्षं झाली. इंजिन माझ्याकडं आहे, गंजलंय, एक चाक फिरत नाही. दरवर्षी मी धोतरावर चुना देते आणि जाणूनबुजून हळद फासते. आभाळ लाल होईपर्यंत तिथून हलत नाही. मग खिडकीत मातीची बाई बसवते. सुना विचारतात की ही कोण, मी सांगत नाही.  तिसऱ्या दिवशी लक्ष्म्यांना शिदोरी देते, निरोप देते, सगळी आरास आवरते. इंजिनाचं तोंड तेवढं मी बार्शीकडं फिरवत नाही.