विहिरीतले गप्पी

तर काल गोष्ट अर्धी टाकून जेवायला उठलो तेव्हा वाळवी आमच्या उत्तराबाई पेठ्यांच्या देवघरात शिरली होती. सागवानी देवघर, आणि बोटानं दाबलं की लाकूड आत जातंय. बाईंना चैन कुठलं? मुळात त्या एका जागी बसणाऱ्या नाहीतच. पोस्टातून निवृत्त झाल्या, तरी पार्ल्यातल्या आमच्या इमारतीचा जिना दिवसभर त्यांच्या चपलांनी वाजतो.

इमारतीमागे जुनी विहीर आहे. घरात नळ असूनही बाई रोज सकाळी तिच्यातून कळशीभर पाणी शेंदतात, देवाला घालतात आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पळीभर तीर्थ. शाळेची पोरं, ऑफिसवाले, मी, सगळे हात पुढं करतो. नको म्हणायची टाप नाही कोणाची.

वाळवीचं औषध घालणारा आला. भिंतीच्या कडेनं जमिनीत भोकं पाडायची आणि दुधासारखं पांढरं औषध आत सोडायचं. विहिरीकडची भिंत मात्र त्यानं सोडली. "मौसी, इधर नहीं, पानी है."

"अरे, माझे देव त्याच भिंतीला आहेत. तीच सोडून कसं चालेल?" बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि तिथंही औषध घालून घेतलं.

श्रावणाच्या सरी झाल्या. एका सकाळी कळशीत, डासांच्या अळ्या खायला विहिरीत सोडलेले गप्पी मासे उलटे तरंगत वर आले.

त्या दिवशी तीर्थ नाही. बाई माझ्या दारात. "नाना, पोट बरं आहे ना?"

"माझं पोट दगड पचवतं," मी म्हटलं. त्यांना हसू आलं नाही. वर गेल्या, दुसऱ्या मजल्यावरची, रोज तीर्थाला हात पुढं करणारी छोटी गार्गी जेवली का विचारून आल्या, खाली उतरल्या, पुन्हा वर गेल्या. मग सेक्रेटरी सुबोधला गाठलं.

"काकू, गप्पी काय, उकाड्यानंही मरतात," तो म्हणाला. "पाणी तपासलं आणि काही निघालं तर विहीर बंद. मग तुमचं तीर्थ?"

"तीर्थाचं मी बघते. तू आधी विहिरीला कुलूप घाल."

विहिरीच्या पाण्याची बाटली भरून बाई आणि मी रिक्षानं अंधेरीच्या प्रयोगशाळेत. तिथली दीप्ती मोठी चटपटीत. "काकू, नुसतं कीटकनाशक शोधा म्हणून नाही चालत. प्रत्येकाची चाचणी वेगळी. कुठून आलं असेल? कुंड्यांवरची फवारणी, डासांचं औषध, वाळवीचं, की कोणी विहिरीपाशी फवारणीचा पंप धुतला?"

पंप म्हटल्यावर मी खुललो. आमच्या गावी विहिरीवर पंप धुणाऱ्याला गुरुजी पोराबाळांदेखत झापायचे, तो किस्सा सांगून घेतला. पण बाईंचे हात पिशवीच्या बंदाशी सारखा चाळा करत होते. खरं बोलल्या तर पळी-पळीनं काय पाजलं, हे सगळ्या इमारतीला कळणार होतं. म्हणून मीच पुढं झालो. म्हटलं, "आमच्या सुबोधची गच्चीवर गुलाबांची बाग आहे. तिथलंच झिरपलं असणार."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. दीप्तीला म्हणाल्या, "गुलाबांचं काही नाही, बाळा. वाळवीचं औषध आहे. तो माणूस नको म्हणत होता, मीच घालायला लावलं. त्याला फोन करून औषधाचं नाव विचारून आले आहे, तेच शोध. आणि काय निघेल ते आधी गार्गीच्या आईला सांग, मग मला."