विरजण

"पाणी पिऊ?" माझी मुलगी विचारायची. आमच्याच भाड्याच्या खोलीत, मी भरून ठेवलेल्या माठातलं पाणी, मला विचारून.

बजाजनगरची ती खोली मिळाली तेव्हा आम्ही बेघर होऊन वर्ष उलटलं होतं. आधी नवरा आजारात गेला. मग मी ज्या वाचनालयात काम करायचे ते बंद पडलं आणि घरमालकाला त्याची खोली लगेच हवी झाली. आम्ही करमाडला भावाकडे गेलो. वहिनी वाईट नव्हती. "घर तुमचंच हाय," असं ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची, की ते आमचं नाही हे तिसरीतल्या पोरीलाही कळलं. पाणी विचारून प्यायला ती तिथंच शिकली. पुढं शहरातल्या एका महिला आश्रयगृहात राहिलो. तिथं विचारायची सक्ती नव्हती, पण सवय जडली होती.

आश्रयगृहाच्या वर्धापनदिनाला एक मोठे पाहुणे आले. हार, शाल, नारळ, आणि संयम या विषयावर भाषण. भाषण लांबलं, त्यामुळे संयमाचा सराव त्यांनी आमच्याकडून करवून घेतला. शेवटी आम्हा प्रत्येकीला भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. भिंत कुणाकडेच नव्हती. फोटो काढताना "जरा हसा" म्हणाले, म्हणून हसलो. त्या काळात कुणी काही सांगितलं की मी ते करायचे. आतून हो किंवा नाही असं काही यायचंच नाही.

वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम लागलं आणि खोली घेतली. घड्याळ टांगलं. आनंद होईल म्हणून थोडा वेळ उभी राहिले, मग भांडी घासायला घेतली. मुलीला एक फळी रिकामी करून दिली. तिनं कपडे पिशवीतच ठेवले आणि चपला उशाशी. हे आपलं घर आहे, असं कुठल्या तोंडानं सांगणार? मलाच तसं वाटत नव्हतं. तिनं विचारणं थांबवावं, एवढंच हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मावशी वाटीत विरजण घेऊन आल्या. त्यांचं माहेर शेळ्या-म्हशींचं. ज्या घरात दही लागत नाही ते घर नव्हे, लॉज, असं त्यांचं मत.

"दूध कोमट पायजे बाई. बोट घालून बघायचं. अन् रोज थोडं मागं ठेवायचं, सगळं संपवायचं नाय."

वर्षभरात आम्ही दही लावलंच नव्हतं. त्याला रात्रभर एका जागी राहावं लागतं.

आमचं पहिलं दही इतकं पातळ झालं की मुलीनं विचारलं, "हे खायचं का प्यायचं?" त्यानंतर ते काम तिनं स्वतःकडे घेतलं. तरी रोज संध्याकाळी विचारायचीच, "विरजण घालू?"

एकदा कामावरून परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. मावशी रिकामी वाटी घेऊन आमच्या दारात उभ्या, आणि मुलगी चौकटीला दोन्ही हात लावून आडवी.

"बघ बाई, मीच दिल्यालं विरजण मला मिळंना! पाव्हणे आले, घरातलं दही सपलं, अन् ही पोरगी आत येऊ देईना."

"दिवे लागलेत," मुलगी म्हणाली. "दिवे लागल्यावर विरजण देत नसतात. आमच्या घरातली बरकत जाते."

वाक्य वहिनीचं होतं, करमाडच्या शेजारणीला परत पाठवताना ऐकलेलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. शिवाय बरकत जायला ती आधी यावी लागते. मावशींनी न मागता दिलं होतं, म्हणून मला लाज वाटायला हवी होती. "लहान आहे मावशी, मी देते," म्हणत मी पुढं झाले.

"मम्मी, नाही म्हटलं ना!"

मी थांबले. आमच्या घरातली, असं ती म्हणाली होती. तो शब्द मी अजून वापरला नव्हता.

मावशींनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "व्हय की. मीच येडी, दिवे लागल्यावर आले." जाता जाता म्हणाल्या, "लई खमकी मालकीण हाय गं तुझी. हिच्यापरीस सासू बरी!"

मी दारातच उभी होते. काहीतरी वाटेल म्हणून वाट पाहत होते. फारसं काही वाटलं नाही. पाय दुखत होते.

मुलगी आत गेली, माठातून पाणी घेऊन प्यायली. मग दुसरा पेला भरून माझ्यापुढं धरला. बाहेरून आलेल्याला द्यायची पद्धत असते तसा.

"चपला बाहेर काढ," म्हणाली.

मी काढल्या.

सकाळी उजाडल्यावर तीच वाटीभर दही शेजारी देऊन आली. मला विचारलं नाही. कपडे अजून पिशवीतच होते.