हळू, पप्पा झोपलेत

पिंपळे गुरवच्या आमच्या भाड्याच्या घरात बेडरूमच्या खिडकीला आधी पडदा नव्हता, पुठ्ठा होता. कंपनीतल्या खोक्यांचा जाड तपकिरी पुठ्ठा, आणि फटींवर चिकटपट्टी. नाईट करून सकाळी आलो की त्या अंधारात मी आडवा व्हायचो. बाहेर दुपार कधी झाली ते कळायचं नाही. झोप लागता लागता कानावर यायचं ते एकच वाक्य. दाराबाहेर बायको मुलीला सांगत असायची, "हळू, पप्पा झोपलेत."

माझ्या मुलीनं लहानपणी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच असणार.

झोपेच्या बाबतीत मी पहिल्यापासून तापट. चमचा पडला तरी उठून ओरडायचो. रात्रभर पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनच्या दणक्यात उभ्या राहिलेल्या माणसाला चमचा का सहन होत नाही, हे बायकोनं मला कधी विचारलं नाही. तिनं सरळ घराची वळणंच बदलली. मी झोपलेलो असताना कुकर लावायचा नाही, डाळ-भात पातेल्यात. नळाखाली बादली ठेवताना तळाशी फडकं टाकायचं, म्हणजे धार वाजत नाही. मुलगी सागरगोटे खेळायची ती गोधडीवर. पाढे म्हणायची ओठांतल्या ओठांत, आणि तिची आई समोर बसून नुसत्या ओठांवरून चूक पकडायची. "तेरा साती किती? पुन्हा म्हण," हेसुद्धा ती कुजबुजतच सांगायची.

खाली घरमालक राहायचे. गावातलं जुनं घराणं, त्यांच्याच शेतावर ही इमारत उभी राहिलेली. जिन्यात भेटले की म्हणायचे, "तुमच्या घरात कुणी ऱ्हातंय का न्हाई, काय कळत न्हाई बगा. पोरगी लई गुणाची हाय. आवाज म्हणून न्हाई." माझी कॉलर ताठ व्हायची. गावाकडून इथं आलेल्या माणसाला घरमालकानं नावाजणं म्हणजे काही कमी नव्हतं.

आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. शाळेला रविवारी. तिच्या रविवारी मी चाकणला कंपनीत, माझ्या गुरुवारी ती शाळेत. तिच्या स्नेहसंमेलनाला, पालकसभेला, कधी तरी नुसतंच बागेत जायला एकट्या आईनंच जायचं, हे ठरल्यासारखंच झालं होतं. मी कुणाला दोष देत नाही. तिन्ही पाळ्या फिरून फिरून येत होत्या आणि भाकरी त्याच तव्यावर भाजत होती.

पण एक ध्यास होता. जनरल. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, रात्री झोपायचं. बाकीचं जग याला नुसतं नोकरी म्हणतं, आमच्याकडे त्याला वेगळं नाव लागतं. "त्याला जनरल मिळालं," हे प्रेस शॉपमध्ये कुणाचं लग्न ठरल्याच्या सुरात सांगितलं जायचं. जनरल मिळालं की माणूस माणसात येतो, अशी आमची सगळ्यांची समजूत.

एकदा कंपनीनं बाहेरून एक सर बोलावले होते. व्यक्तिमत्त्व विकास, काम आणि घर यांचा तोल, असा विषय. सरांनी फळ्यावर तराजू काढला. एका पारड्यात नोकरी, दुसऱ्यात घर. विचारलं, "तुमचं कुठलं पारडं जड आहे?" मागून एक जण म्हणाला, "सर, आमचं शिफ्टप्रमाणं बदलतंय. आज कुठली धरायची?" सगळे खो खो हसले. मी हसलो नाही. मला ते सर खोटे वाटले नाहीत. स्वतःला घडवा, शिका, पुढं या, म्हणजे तोल आपोआप येईल, असं ते म्हणाले, आणि मी ते गाठीशी बांधून घेतलं.

मग मी शिकलो. संगणक शिकलो, चार लोकांपुढं उभं राहायला शिकलो, हिंदीची लाज सोडली, इंग्रजीची अर्धी. गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाक्यांसमोर भाषण करायचो. आवाज माझ्याकडे आधीपासून होता. प्रेस शॉपमध्ये बेंबीच्या देठापासून बोललं नाही तर शेजारच्यालाही ऐकू जात नाही. इअर प्लग मिळायचे, पण ते घातले की मशीनचा बदललेला आवाज कळत नाही, म्हणून आम्ही जुने लोक ते गळ्यातच लटकवायचो. साहेब आले की कानात.

शेवटी मिळालं. नव्या पोरांना शिकवायचं काम, ट्रेनिंग रूममध्ये, जनरल शिफ्टला. बायकोनं देवापुढं साखर ठेवली. पहिल्या दिवसापासून माझा वर्गात दरारा. "मागच्या बाकापर्यंत आवाज आला पाहिजे. तोंडात मिठाची गुळणी धरली का?" पोरं दचकून ताठ व्हायची. वडिलांची एक म्हण मी त्यांना हमखास ऐकवायचो: बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहू तसेच पडून राहतात. साहेब खूश होते. मलाही वाटलं, गाडी रुळावर आली.

संध्याकाळी घरी यायचो तेव्हा बाहेर उजेड असायचा. मायलेकी टीव्ही बघत बसलेल्या असायच्या, आणि टीव्हीचा आवाज जवळजवळ बंद. दोघींना ते पुरायचं. मी रिमोट घेऊन आवाज वाढवला की दोघी अंग चोरायच्या. जाहीर करून टाकलं, "आता मोठ्यानं बोला. दिवसा कुणी झोपत नाही या घरात." बायको म्हणाली, "बरं." तेही तिच्या ओठांवरून कळलं.

सवय अशी जात नसते. त्या दोघी स्वयंपाकघरात बोलायच्या, मधेच हसायच्या. मी बाहेरून विचारायचो, "काय?" पुन्हा सांगायच्या. पुन्हा मी, "काय?" तिसऱ्या वेळी उत्तर यायचं, "काही नाही." होता होता आमच्या घरात सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य तेच झालं. मला राग यायचा. वाटायचं, माझ्यापासून काही तरी लपवतात. खरं तर आमटीत मीठ जास्त झालं, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू बदलले, एवढंच असायचं.

मुलगी पदवीधर झाली आणि नोकरी शोधायला लागली. दोन ठिकाणी मुलाखत दिली, दोन्हीकडून नकार. एका ठिकाणच्या बाईंनी तिला तोंडावर सांगितलं, मार्क चांगले आहेत, पण तुझं बोलणं ऐकूच येत नाही, आत्मविश्वास कमी पडतो. हे मला बायकोकडून कळलं. मी म्हणालो, यात काय मोठं? शेकडो पोरांना मी बोलायला शिकवलं, पोटच्या पोरीला शिकवणार नाही?

गुरुवार होता. तिलाही आता शाळा-कॉलेज नव्हतं, म्हणजे आम्हा दोघांची एकत्र आलेली सुट्टीच म्हणायची. तिला हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं, समोर मी. पाठ सरळ, हात मांडीवर. "आता स्वतःबद्दल सांग."

तिचे ओठ हलले.

"मोठ्यानं."

पुन्हा ओठ हलले. एखादा शब्द आला, 'वडील' असा काही तरी, मग पंख्याची घरघर.

"अगं, पोटातून आवाज काढ. भितेस कशाला? मागच्या बाकापर्यंत गेला पाहिजे."

तिनं तिसऱ्यांदा सुरुवात केली. मान वर, गळ्याची शीर ताणलेली. तरी मला काही ऐकू येईना, आणि माझा पारा चढला. ट्रेनिंग रूममधल्या सुरात मी ओरडलो, "अशी बोललीस तर कोण घेणार तुला?" तिचे डोळे भरले. ती तशीच ताठ बसून राहिली.

बायको पिठाचे हात घेऊन बाहेर आली. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, ती माझ्यावर कधी आवाज चढवून बोलली नव्हती. त्या दिवशीही चढवला नाही. जवळ आली, माझ्या समोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बोलली की ती. तिन्ही बारीला बोलली. आत लाटणं चालू असताना मला सगळं ऐकू आलं. तुमालाच ऐकू येईना झालंय."

"काय बोलली?"

बायकोनं मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ती म्हणली, माझे वडील प्रेस शॉपमध्ये होते. ते रात्री जागायचे आणि दिवसा झोपायचे, म्हणून मी शिकू शकले."

मी पंख्याकडे बघत बसलो. मुलगी उठली आणि आत जाऊन तोंड धुऊ लागली. नळाखाली तिनं आधी फडकं टाकलं, ते मात्र मला स्पष्ट दिसलं.

पिंपरीत एका कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते भले गृहस्थ होते, वेळ देऊन समजावलं. म्हणाले, आवाजाच्या कामात आधी बारीक आवाज जातात. चिमण्या, घड्याळाची टिकटिक, बायका-मुलांचं हळू बोलणं. मोठा, जाड आवाज येत राहतो, म्हणून माणसाला वाटतं, आपले कान ठीक आहेत. गेलेलं परत येत नाही. कानाला लावायचं यंत्र दिलं त्यांनी. लावलं तर पंखा, हॉर्न, शेजारची भांडी, मिक्सर, सगळं एकदम आत घुसलं, आणि त्या गर्दीत पोरीचा आवाज काही सापडेना. काही दिवस नेटानं वापरलं, मग ते टीव्हीखालच्या खणात गेलं. दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे आले.

तेव्हापासून मुलगी मला मोबाइलवर लिहून पाठवते. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये मेसेज येतो, 'जेवायला या.' मी मोठ्यानं म्हणतो, "आलो." दोघी दचकतात.

पुढं तिला नोकरी लागली. हिंजवडीला, परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोडवायच्या. मी विचारात पडलो, म्हटलं, हे बोलण्याचं काम कसं जमेल? तिनं फोनवर टाइप करून मला दाखवलं: 'बोलायचं नसतं पप्पा. चॅट असतं. नुसतं लिहायचं.' आणि ती हसली. बऱ्याच दिवसांनी तिचं असं मोकळं हसू बघितलं. तिथं तिच्या कामाचं कौतुक होतं म्हणे. मलाही आनंद झाला. नाही असं नाही.

परदेशातला दिवस म्हणजे आपली रात्र. संध्याकाळी कंपनीची गाडी येते, सकाळी सोडते. मी चाकणची बस पकडायला निघतो तेव्हा ती जिना चढत असते. बेडरूम आता तिची. पुठ्ठा काढून बायकोनं काळा जाड पडदा शिवला. कुकर पुन्हा बंद झाला, पातेलं निघालं.

अडचण फक्त माझी. ज्याला ऐकू येत नाही त्याला स्वतःचा आवाजही कळत नाही. मी आपला साधं बोलतो, आणि बायको धावत येऊन ओठांवर बोट ठेवते. म्हणून गुरुवारी दुपारी मी खाली येऊन बसतो, पार्किंगमध्ये घरमालकांनी टाकलेल्या बाकावर. मालक आता थकलेत. परवा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय राव, आज बी खाली?"

"मुलगी झोपलीय."

"तरीच. वर कुणी हाय का न्हाई, काय कळंना," ते म्हणाले. "लई गुणाची हाय पोर."

ऊन उतरायला लागलं तेव्हा तिचा मेसेज आला. 'उठले. वर या. आता बोललं तरी चालेल.'

तीन मजले चढताना मी मनात जुळवत होतो. त्या गुरुवारी ती माझ्याबद्दल जे बोलली, त्यावर मी तिला अजून काही म्हटलेलं नाही. ट्रेनिंग रूममध्ये दिवसभर बोलतो, पण ते एक राहून गेलंय. वर पोचलो. ती केस मोकळे सोडून चहा पीत होती, गाडी यायला थोडा वेळ होता. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणायचं होतं ते म्हणालो. ओरडलो असं तिला वाटू नये म्हणून जपून, अगदी हळू.

तिनं कप खाली ठेवला, पुढं वाकली आणि विचारलं, "काय?"

"काही नाही," मी म्हणालो.