जुन्या घराचा फोटो

दोन्ही हातांत मोबाईल धरून, एक डोळा मिटून ते मागे मागे सरकत. "हां मावशी, हलू नका. घर काही पळत नाही, तुम्हीच पळताय!" समोरची बाई हसली की त्यांचा फोटो निघे.

घरकुल योजनेचे कंत्राटी इंजिनियर, आमचे साहेब. राहायला भोरला, काम वेल्ह्याकडे. आधी जुन्या घराचा फोटो, मग जोत्याचा, मग भिंतींचा, शेवटी पुऱ्या घराचा. एकेका फोटोवर सरकारचा एकेक हप्ता. ते फोटो संगणकावर चढवायचं काम माझं, म्हणून अधूनमधून मीही त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, नीट बघायचं तेवढं राहून गेलं असेल.

गुंजवण्याला एकदा अख्खं घर मोबाईलमध्ये बसवायच्या नादात ते मागे सरकले ते थेट भाताच्या खाचरात. गुडघाभर चिखल, हात मात्र वर. मी धावलो तर म्हणतात, "मला नंतर काढा. आधी बघा, कौलं सगळी आली का?" परत येताना त्यांच्या मागे बसणं माझ्या जिवावर आलं होतं.

पण माणूस काय होता ते मला पासलीला कळलं. तिथं एक म्हातारी एकटीच राहायची. कारवीच्या कुडाचं घर, एका अंगाला कललेलं. घरकुल मंजूर झाल्याचं कळताच बाईंनी दसऱ्याचा मुहूर्त साधला आणि गावकऱ्यांकडून जुनं घर पाडून घेतलं! दोन दिवसांनी आम्ही पोचलो तर मोकळी जागा, शेणानं लख्ख सारवलेली.

"सायेब येनार म्हून सारवलं," ती कौतुकानं म्हणाली.

साहेबांनी हातातला मोबाईल खिशात ठेवला. जुन्या घराचा फोटो नाही तर पहिला हप्ता नाही. हप्ता नाही तर नवं घर नाही, आणि पुढचा पावसाळा म्हातारीनं गोठ्यात काढायचा. पासलीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय सांगू?

शेजारी पुढे झाला. "माजं घर बी लई मोडकं हाय. हितंच हुबी करा तिला."

"आणि उद्या तुम्हाला घर मिळायची वेळ आली की? तुमच्या या घराचा फोटो आधीच दुसऱ्याच्या नावावर!" साहेब कडाडले. मग जरा थांबून म्हणाले, "खांब कुठं टाकलेत?"

खांब, चौकट, पत्रे, सगळं गोठ्यामागे होतं. साहेबांनी पँट दुमडली आणि पहार हातात घेतली. परवा घर पाडणारी माणसंच आता ते उभं करू लागली. इतकं उरफाटं काम मी जन्मात केलं नाही. जुन्याच खड्ड्यांत खांब बसले, कूड दोरीनं बांधले, आणि दुपार कलायच्या आत घर उभं राहिलं, पहिल्यासारखंच कललेलं.

"शेऱ्यात खरं तेच लिहा," ते मला म्हणाले. "पाडलेलं घर फोटोसाठी पुन्हा उभं केलं. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

म्हातारी मात्र दारात येईना. आत चुलीच्या जागेवर बसून राहिली.

"आता न्हाई मोडायचं," ती म्हणाली. "म्हातारा हितंच गेला माजा. परवाच्या गडबडीत ध्यानातच आलं न्हाई."

साहेब तिच्या शेजारी जमिनीवर बसले. "बसू या आजी. मला घाई नाही."

मग तीच पदरानं डोळे पुसत उठली. "काडा आता."

त्या शेऱ्यासकट प्रकरण मंजूर झालं. मार्चअखेर साहेबांच्या कंत्राटाची मुदत संपली, ती काही वाढली नाही. वैशाखात पुऱ्या घराचा फोटो नव्या इंजिनियरनं आणला. पक्क्या भिंती, रंगवलेलं दार. म्हातारी मात्र पायरीच्या अगदी कडेला उभी, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी.

"किती सांगितलं, मधे या म्हणून," तो वैतागला होता. "म्हणे, हितं त्या सायबास्नी जागा ऱ्हाऊ द्या. समद्या गावाचं फोटू त्यांनी काडलं, त्यांचा कुनी काडला?"

मी संगणकावरचे जुने फोटो चाळत बसलो. म्हातारीचं खरं होतं. मग तिचा फोटो, त्या मोकळ्या जागेसकट, पुढे पाठवला.