भाभीच्या ओट्यावरची सासू

लोडशेडिंगमुळे टीव्हीवरची विनोदी मालिका रोज अर्ध्यातच बंद पडायची. मग आमची अंजनगावातली गल्ली शेजारच्या भाभीच्या ओट्यावर जमायची. उरलेला भाग भाभी मनानंच रचून सांगायची. मालिकेतली सासू झाली की ती नाकातून बोलायची, "जवाईबापू, दिवाळी होऊन होळी आली, घरी कवा जाता?"

कपाशी बुडाल्यापासून घरात एकदाही न हसलेला माझा नवरा तिथं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचा. त्या नाकातल्या आवाजात एवढं हसण्यासारखं काय होतं, मला कळायचं नाही.

एकदा त्याला जेवायला वाढताना मी तीच सासू, तशीच नाकातून, बोलून दाखवली.

त्यानं घास ताटात ठेवला आणि काळजीनं विचारलं, "तुले बरं नाई का?"