अक्काचे केस

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं डोकं दुखायचं तेव्हा आई सुंठ उगाळून लावायची. बसवनगुडीच्या आमच्या घरात डोकेदुखीला दुसरं औषध माहीतच नव्हतं. लग्नानंतर दुखणं वाढलं तशी ती माहेरी आली. मग रोज सकाळी दारातल्या रांगोळीची डावी बाजू कोरी राहू लागली. विचारलं तर म्हणायची, "पुरी काढलीय की!" तेव्हा कुठे भावजी तिला मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. मेंदूत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लगेच शस्त्रक्रिया हवी, आणि त्याआधी सगळं डोकं भादरावं लागेल.

गाठीचं ऐकून आई गप्प राहिली. केसांचं ऐकून मात्र ओक्साबोक्शी रडली. "नवरा जिवंत असताना? डॉक्टर, स्वल्प बाजूचे काढून भागत नाही का?"

भागत नव्हतं. मग मठात विचारून येऊ म्हणून काही दिवस गेले, आषाढ संपू दे म्हणून आणखी काही. भावजी मान खाली घालून बसायचे. अक्काही आईच्याच बाजूची. "असलं डोकं घेऊन हळदीकुंकवाला कुठं जाऊ?" म्हणायची आणि ओकायला धावायची. मला सगळ्यांचा संताप यायचा. गाठ काही पंचांग बघून वाढत नव्हती.

शेवटी आत्या बोलली. वडिलांची ही बहीण बालविधवा, लाल आलवणातली. तिच्यासाठी न्हावी मागच्या दाराने यायचा आणि त्या दिवशी ती कोणाशी बोलत नसे. तिने आईसमोर डोक्यावरचा पदर खाली ओढला. तिचं उघडं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"माझे केस माणूस गेलं म्हणून काढले," ती म्हणाली. "हिचे माणूस राहावं म्हणून काढायचेत. एवढंही कळेना का वहिनी तुला?"

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गाठ पुरती निघाली नाही, खोलवर गेली आहे. परदेशात औषधं शोधताहेत, निघेल काहीतरी. त्या 'काहीतरी'वर मी जगू लागले. वाचनालयात जाऊन हाती येईल तो पेपर उलटायचे. चंद्रावर जायच्या गोष्टी असायच्या त्यात. माझ्या बहिणीच्या डोक्यात चार बोटं आत पोचेल असं औषध कुठेच नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे.

इकडे अक्काला नवे केस फुटले. आई त्यांना रोज तेल लावायची. "केस धरताहेत, म्हणजे जीव धरतोय," म्हणायची. अक्काला तोवर दिसेनासं झालं होतं. डोकं चाचपत ती विचारायची, "संक्रांतीला वेणी माळता येईल का गं?"

"येईल की," आई म्हणायची.

संक्रांतीच्या तोंडावरच अक्का गेली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. आईने कनकांबराची केशरी वेणी आणली. बोटभर केसांत ती ठरेना. आई पुन्हा पुन्हा माळत होती, वेणी पुन्हा पुन्हा उशीवर घसरत होती. आत्या रिवाजाप्रमाणे लांब, दाराआड उभी होती. सवाष्णीच्या फुलांना विधवेने शिवायचं नसतं.

"वन्सं, धरा हो," आई एकदम ओरडली, "घसरतेय!"

आत्या धावली. कोणी तिला अडवलं नाही. अक्काला उचलेपर्यंत तिने ती फुलं दोन्ही हातांनी धरून ठेवली. पुढे स्मशानाच्या वाटेत वेणी घसरलीच असणार.